न उठणारी बाई

म्युझियमच्या त्या दालनात बसायला उंच असा एकच बाक होता आणि तो नेमका त्या चित्रासमोर होता. एवढ्या एका कारणामुळे माझ्या सासूबाईंनी दोन हजार सहा सालचा हिवाळा एका उघड्या फ्रेंच बाईसमोर बसून काढला. त्या वेळी मी हे कुणाला सांगितलं नाही. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या आमच्या मराठी घरांमध्ये बातमीला पाय नसतात, चाकं असतात. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी सासूबाईंच्या खुब्याची चौकशी करता करता मला त्या चित्राबद्दल विचारलं असतं, आणि मी पुण्याची असूनही मला उत्तर सुचलं नसतं.

सासूबाई नागपूरच्या. सासरे गेल्यावर नवऱ्यानं त्यांना आमच्याकडे आणलं. त्यांची एक गोष्ट मला लग्न झाल्यापासून माहीत होती, पण ती लक्षात घेण्यासारखी आहे असं कधी वाटलं नव्हतं. त्यांना कुणी आडवं पडलेलं पाहिलेलं नव्हतं. दुपारी त्या पडत असणारच, माणूसच होत्या. पण आपण खोलीत पाऊल टाकावं तर त्या उठून बसलेल्या, पदर खांद्यावर, आणि वर चोरी पकडल्यासारखं म्हणायच्या, "काही नाही, जरा पाठ टेकली होती." कुणी मोठं माणूस आलं, पाहुणा आला, मुलगा आला, की उठायचं. माझी मुलगी तान्ही असताना तिच्या पाळण्याजवळ सतरंजीवर कलंडलेल्या असल्या तरी माझ्या पावलांच्या आवाजानं उठायच्या. मला त्याचं कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. आमच्याकडेही तसंच होतं.

आदल्या वर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात त्या टपालपेटीपर्यंत गेल्या. पायांत मोजे, मोज्यांवर चपला, आणि ड्राइव्हवेवर न दिसणारा पातळ बर्फ. खुबा मोडला. डॉक्टरांनी ऑपरेशन करून नवा सांधा बसवला आणि घरी पाठवताना नियम सांगितले: कमरेतून फार वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुटक्या आसनावर बसायचं नाही, आणि मुख्य म्हणजे कुणी धरल्याशिवाय झटक्यात उठायचं नाही. नवा सांधा अजून मांसात रुजलेला नसतो, चुकीच्या हालचालीनं निखळतो. झोपण्याच्या खोल्या वर होत्या, म्हणून आम्ही खालच्या फॅमिली रूममध्ये कठड्याचा पलंग टाकला. त्यांच्या दोन्ही पायांमध्ये फोमची जाड उशी असायची. अंगात गाऊन, वर शाल.

आणि त्या उठायच्या. नवरा ऑफिसातून आला की उठायच्या. शेजारची अमेरिकन बाई सूप घेऊन आली, उठल्या. घरी व्यायाम शिकवायला येणारा थेरपिस्ट चांगला सहा फूट उंच होता, तो दारात दिसला की या कोपरावर भार देऊन अर्ध्या उठलेल्या. तो बिचारा खूश. "शी इज सो मोटिव्हेटेड!" असं मला दर वेळी सांगायचा. त्याला काय सांगू, की बाबा रे, तुझ्या व्यायामासाठी नाही, तू पुरुष आहेस आणि पाहुणा आहेस म्हणून. माझी सहा वर्षांची मुलगी पलंगाशी पहारा द्यायची आणि ओरडायची, "आजी, नो! डॉक्टर सेड नो!" नवरा हात जोडायचा, "आई, प्लीज, मी आहे फक्त. माझ्यासाठी कशाला उठतेस?" त्या म्हणायच्या, "नाही उठत," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठायच्या.

माझे बाबा तेव्हा भारतातून न्यू जर्सीला माझ्या भावाकडे आले होते. आई दोन वर्षांपूर्वी कॅन्सरनं गेली होती. माझा व्हिसा तेव्हा कागदांत अडकला होता आणि मी पुण्यात पोचले तोवर सगळं उरकलं होतं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मितभाषी, रीतीभातीचे. विहीणबाई पडल्याचं कळल्यावर भेटायला जायलाच हवं, म्हणून डिसेंबरात भावानं त्यांना गाडीनं आणलं. फॅमिली रूमच्या दाराशी येऊन ते त्यांच्या पद्धतीनं खाकरले. आपल्याकडे पुरुषमाणूस बायकांच्या खोलीत शिरताना खाकरतो, ती सूचना असते. सासूबाईंनी ती घेतली. व्याही आले, आणि आपण गाऊनमध्ये पडलेलो! शाल घसरून जमिनीवर गेली होती. ती उचलायला त्या पलंगावरून वाकल्या, वळल्या, आणि मला स्वयंपाकघरात त्यांचा आवाज ऐकू आला. तसा आवाज मी त्याआधी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता.

सांधा निखळला होता. ॲम्ब्युलन्स, पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा भूल. या वेळी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. अजून एकदा निखळला तर मोठं ऑपरेशन करावं लागेल, आणि यांच्या हृदयाला ते झेपेल असं मी म्हणणार नाही, असं ते म्हणाले. बाबा वेटिंग रूममध्ये टोपी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना वाटत होतं, आपण खाकरलो म्हणून हे झालं. मला खरं तर दोघांचाही संताप आला होता. त्या दिवशी गाडीत मी नवऱ्याला म्हणाले, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि तुझी आई ते सिद्ध करूनच दाखवणार आहे."  घरी आल्यावर त्यानं सगळ्या ओळखीच्यांना फोन करून भेटायला येणं कॅन्सल केलं.

जानेवारीत थेरपिस्टनं सांगितलं, आता यांना सपाट जमिनीवर चालवा. बाहेर बर्फ. मॉलमध्ये गर्दी, कुणाचा धक्का लागला म्हणजे झालंच. आमच्या गावच्या लायब्ररीत शेजारच्या शहरातल्या म्युझियमचा पास मिळतो, तो मी घेऊन आले. गुळगुळीत लाकडी जमीन, सकाळी शुकशुकाट, धरायला कठडे. दर शनिवारी नवरा मुलीला पोहायला न्यायचा आणि मी सासूबाईंना वॉकरसकट म्युझियममध्ये. त्या चालायच्या, मी मागून हात पसरून, सायकल शिकवताना चालतात तशी. थकल्या की बसायला हवं, आणि बसायला आसन उंच हवं. सगळ्या दालनांतले बाक बुटके निघाले. हा एकच उंच.

पहिल्या दिवशी समोर काय आहे ते पाहून मी म्हणाले, "आई, पुढच्या खोलीत बघू."

"तिथे उंच बाक आहे?"

"नाही."

"मग?" म्हणाल्या आणि टेकल्या.

चित्र फार मोठं नव्हतं. लोखंडी पलंगावर कुशीवर पडलेली एक बाई. अंगावर काहीही नाही. चादर चुरगळून तिच्या पायाशी गेलेली, शेजारच्या खुर्चीवर काढून टाकलेले कपडे, त्यातला एक खाली लोंबणारा. बाई सुंदर म्हणावी अशी नव्हती. पोट एका बाजूला सैल ओघळलेलं, तळवे मळकट. खिडकीतून येणारा उजेड सगळ्यात जास्त तिच्या खुब्यावर पडला होता आणि तिथे चित्रकारानं तेलरंग असा जाड थापला होता की जवळून पाहिलं तर नुसते लपके दिसायचे. बाकावरून पाहिलं की त्या लपक्यांची कातडी व्हायची, ऊब असलेली. तिचं डोकं हातावर होतं आणि अर्धवट झोपेतले डोळे सरळ आपल्याकडे. शेजारच्या पाटीवर कुणा फ्रेंच चित्रकाराचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, चित्रकाराची बायको.

मी चित्राकडे पाठ करून उभी राहिले, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. दालनाचा रखवालदार आमच्याकडे बघत होता. नऊवारी नाही पण नायलॉनची पाचवारी, वर मुलाचं जाकीट, हातात वॉकर, अशी म्हातारी त्यानं तिथे बसलेली क्वचितच पाहिली असेल. सासूबाईंना त्याचं काही नव्हतं. दुकानात साडी उलगडून दाखवल्यावर बघतात तसं त्यांनी चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं.

दोन शनिवार तसेच गेले. तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, "ही उठून नाही राहिली."

"कोण?"

"ही. कुणीतरी आत आलं आहे ना? तिच्या डोळ्यांकडे बघ. दार उघडलेलं तिला कळलंय. तरी उठून नाही राहिली."

मी वळून नीट पाहिलं. खरंच होतं. इतके दिवस मी तिचे न घातलेले कपडे बघत होते आणि सासूबाई तिचं न उठणं बघत होत्या.

"आई, तो तिचा नवराच आहे. चित्र काढणारा. लिहिलंय इथे."

"नवरा आला म्हणून काय झालं? नवरा आला तरी उठायचं असतं."

मग त्या सांगत राहिल्या, चित्रावरची नजर न काढता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना विषमज्वर झाला. माजघरात अंथरूण होतं. मामंजींना परसात जायची वाट तिथूनच. ते खाकरायचे, की या ग्लानीतून उठून बसायच्या, डोक्यावर पदर घेऊन. ते गेले की पडायच्या. परतताना पुन्हा खाकरणं, पुन्हा उठणं. "मला कुणी उठ म्हणत नव्हतं हं," त्या म्हणाल्या. "वाईट नव्हती माणसं. मामंजींनी स्वतः मोसंबी आणली होती. पण पडून राहा असंही कुणी म्हणालं नाही." बाळंतपणातही तेच. नवऱ्याच्या आधी उठायचं, नंतर झोपायचं. "तुझ्या सासऱ्यांनी मला कधी झोपलेली बघितली नाही."

"आई! दोन मुलं झाली तुम्हाला!"

"अंधार असायचा," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. रखवालदारही कारण नसताना हसला.

मग हसू गेलं. त्यांनी विचारलं, "ही उठली नाही म्हणून हिला कुणी काही म्हणत नसेल का गं?"

"तिच्या उघडेपणाची तुम्हाला लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"अंग काय, सगळ्यांना असतं. किती बाळंतिणी न्हाऊ घातल्या, किती म्हाताऱ्यांना शेवटची आंघोळ घातली. अंगाची कसली लाज?" त्या म्हणाल्या. "असं निवांत पडून राहणं नाही जमत मला. डॉक्टर म्हणतो उठू नका. मी काय मुद्दाम उठते? खाकरलेलं ऐकू येतं आणि मी उठलेली असते. मरायचं नाहीये बाप्पा मला एवढ्यात. नातीचं लग्न नाही, निदान तिची शाळा तरी बघू दे."

गाडीत मी काय बोलले होते ते त्यांनी ऐकलं नव्हतं. तरी मी ते शब्द मनातल्या मनात मागे घेतले. ज्याला मी हट्ट म्हणत होते ती भीती होती, आणि बाई एकटीच तिच्याशी झगडत होती.

त्या दिवशी घरी आल्यावर, पलंगावर नीट निजवल्यावर त्या म्हणाल्या, "तू बाहेर जा आणि खाकरून आत ये."

मला कळेना, तेव्हा म्हणाल्या, "अगं, सवय मोडायची तर ती रोज घातली तशी रोजच मोडायला हवी ना? जा."

मी बाहेर गेले, खाकरले आणि आत आले. त्या उठल्या होत्या. कोपर टेकलेलं, मान वर. स्वतःच्याच कोपराकडे त्या इतक्या चिडून बघत होत्या की मला हसावं की रडावं कळेना. "पुन्हा," म्हणाल्या. मग हा आमचा नेम झाला. थेरपिस्टचे व्यायाम सकाळी, हा व्यायाम दुपारी. माझं खाकरणं बायकी वाटतं म्हणून त्या दुरुस्त करायच्या, "जरा जडपणानं. मामंजी तंबाखू खायचे." मुलीनं हे शिकून घेतलं आणि ती कमरेवर हात ठेवून थेट पाटलासारखी खाकरत यायची. सासूबाई दोन्ही हातांनी पलंगाचा कठडा घट्ट धरून पडून राहायच्या. बोटांची पेरं पांढरी पडायची. डोळे मिटलेले. आणि मग एखाद्या वेळी जमायचं. जमलं तरी त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नसायचा, गुन्हा केल्यासारखं वाटायचं त्यांना. शनिवारी बाकावर बसून त्या फ्रेंच बाईला पुन्हा बघून घ्यायच्या. "बघ कशी पडली आहे," म्हणायच्या, कधी कौतुकानं, कधी जराशा रागानं.

मार्चअखेर बाबांचा परतीचा दिवस जवळ आला. ते फोनवर म्हणाले, "मी आता तिकडे येत नाही. लांबूनच नमस्कार सांग विहीणबाईंना. उगाच माझ्यामुळे पुन्हा काही नको." झटक्यात उठण्याची बंदी अजून कायम होती, त्यामुळे मला सुटल्यासारखं झालं. मी सासूबाईंना तसं सांगितलं.

 त्या म्हणाल्या, "एवढ्या लांबून आलेले व्याही न भेटता जातील? त्यांना ये म्हणावं. आणि हेही सांग की मी पडलेली असेन."

हे वाक्य मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं.  "बरं," ते म्हणाले.

ते आले त्या दिवशी सासूबाईंनी मला गाऊनवर नवी शाल घालायला लावली आणि शालीची टोकं स्वतःच्या अंगाखाली खोचून घेतली. बाबा फॅमिली रूमच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. खाकरले नाहीत. आतही गेले नाहीत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की एका बाजूनं उठायचं असतं तसं दुसऱ्या बाजूनं न बघायचं असतं. आणि समोरची उठली नाही तर काय करायचं, हे त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. ते दाराच्या चौकटीला धरून, तोंड भिंतीकडे करून उभे होते. मी स्वयंपाकघरात हातातलं भांडं तसंच धरून उभी. नवरा पलंगाच्या पलीकडे, आई हललीच तर धरायला.

"या ना, आत या," सासूबाई म्हणाल्या.  "मी अशीच आहे. माफ करा."

बाबा आत गेले. खुर्चीवर बसले, नजर गालिच्यावर. "कसं वाटतंय आता?" "ठीक आहे. तुमचं विमान कधीचं?" "रविवारचं." "पुण्यात उन्हाळा लागला असेल." "हो, लागला असेल." कठड्यावरची बोटं पांढरी झालेली मला दिसत होती. एकदा त्यांची मान उशीवरून सुटली, नवरा पुढे झाला, आणि त्यांनी ती परत टेकवली. बाबांनी तेवढ्यात वर पाहिलं. पाहिलं आणि मग नजर खाली नेली नाही. "विहीणबाई," ते म्हणाले, "पडून राहा. अगदी पडून राहा." मग बराच वेळ ते दोघं काहीतरी साधंच बोलत बसले, पाण्याचं, भाज्यांचं, नातीच्या मराठीचं.

निघताना मी बाबांबरोबर पोर्चमध्ये आले. भाऊ गाडीवरचा बर्फ खरवडत होता. बाबा जाकिटाची चेन लावता लावता थांबले.

"तुझी आई," ते म्हणाले, "शेवटी शेवटी तिच्या अंगात काही राहिलं नव्हतं. तरी मी खोलीत गेलो की उठून बसायची. भिंतीला धरून. मला वाटायचं, चला, आज बरं दिसतंय. मी तिला एकदाही पडून राहा म्हणालो नाही. मला सुचलंच नाही गं ते."

 आईचे शेवटचे दिवस मी पाहिले नव्हते. फोनवर बाबा सांगायचे, आज उठून बसली होती, आणि इकडे आम्ही सगळे आनंदानं एकमेकांना सांगायचो.

गाडी गेल्यावर मी आत आले. सासूबाईंना माझा चेहरा दिसला. "काय म्हणाले व्याही?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, रडतच सांगितलं. त्यांनी कठड्यावरचा हात सोडून माझ्या मनगटावर ठेवला. तो घामानं ओला होता.

"त्यांना फोन लाव," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही म्हणाला असतात तरी ती उठलीच असती. आम्ही तशाच आहोत."

मी भावाच्या मोबाइलचा नंबर फिरवू लागले. त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं.

"पण एकदा तरी म्हणायला हवं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "हे नको सांगूस."

पलीकडे बाबांनीच फोन घेतला. मी त्यांना अर्धंच सांगितलं.